व्हेंटिलेटरवरच्या बाबांचं पोट फुगलंय, फीड बंद आहे – हॉस्पिटल उपाशी ठेवतंय का?

पत्र: माझे बाबा ६४ वर्षांचे, शुगर आहे. स्वाइन फ्लूचा न्यूमोनिया झाला आणि गेला आठवडाभर ते आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहेत. आधी नाकातल्या नळीतून फीड चालू होतं, परवापासून बंद केलंय. पोट फुगलंय, नळीतून हिरवट पाणी येतंय, पाच दिवस संडास झाली नव्हती आणि काल काळपट पातळ झाली. लिव्हरच्या तपासणीतलं एसजीपीटी पण वाढलंय म्हणे. दादा म्हणतो आजार छातीचा होता, पोट यांनी बिघडवलं, बाबांना उपाशी मारतायत, दुसरीकडे हलवू. आई रोज मुगाचं कढण पाठवते ते तसंच परत येतं. ताक, नारळपाणी तरी नळीतून द्यायला काय हरकत आहे? आणि पोट बंद पडलं म्हणजे शेवट जवळ आला असं नातेवाईक म्हणतात, ते खरं आहे का? – एक लेक, सांगली जिल्हा

ताई, बाकीचं सगळं नंतर बोलू, आधी ती काळपट पातळ संडास. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय पण माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. आज डॉक्टर भेटले की पहिला प्रश्न हाच विचारा, ते रक्त आहे का, आणि हिमोग्लोबिन कालच्यापेक्षा उतरलंय का. जठरात किंवा वरच्या आतड्यात रक्तस्राव झाला की ते रक्त पचत पचत खाली येतं आणि संडास डांबरासारखी काळी, चिकट आणि फार उग्र वासाची होते. नुसती हिरवट-काळपट असेल तर ती पित्तामुळेही असते, लोहाच्या औषधानेही रंग काळा होतो, म्हणून लगेच धीर सोडू नका, पण विचारल्याशिवाय घरीही येऊ नका. नळीतून जे पाणी येतंय त्याचा रंग पण रोज विचारत जा. हिरवट म्हणजे पित्त, त्याची एवढी काळजी नाही. कॉफीच्या चोथ्यासारखं तपकिरी-काळं यायला लागलं किंवा लाल आलं तर मात्र जठरातून रक्त येतंय.

व्हेंटिलेटरवर दोन दिवसांच्या वर असलेला पेशंट आणि रक्त गोठण्याची ताकद कमी झालेला पेशंट, या दोघांना जठरात जखमा होऊन रक्त जाण्याचा धोका जास्त असतो हे फार वर्षांपासून माहिती आहे. म्हणून तर बिलात रोज पॅन्टॉपचं, म्हणजे जठरातलं अ‍ॅसिड कमी करणारं इंजेक्शन दिसतं तुम्हाला. २०२४ मध्ये व्हेंटिलेटरवरच्या ४८०० हून जास्त पेशंटवर झालेली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात पॅन्टॉप दिलेल्यांमध्ये महत्त्वाचा रक्तस्राव १ टक्क्याला झाला आणि न दिलेल्यांमध्ये साडेतीन टक्क्यांना. म्हणजे औषधाचा फायदा आहेच, आणि न दिलं तरी बहुसंख्य लोकांना असा रक्तस्राव होत नाही हेही त्यातून कळतं. बाबांना पायात गाठी होऊ नयेत म्हणून रक्त पातळ करायचं इंजेक्शनही बहुतेक चालू असेल, रक्तस्राव खरंच असेल तर ते थांबवायचं की डोस कमी करायचा हे डॉक्टरांना ठरवावं लागेल, तेव्हा तेही विचारा.

आता दादांचा मुद्दा. आजार छातीचा होता मग पोट कसं बिघडलं. प्रश्न बरोबर आहे, उत्तर मात्र "यांनी बिघडवलं" असं नाहीये. फ्लूच्या व्हायरसने फुफ्फुसं भरली की रक्तातला ऑक्सिजन कमी पडतो, इन्फेक्शनने बीपी पडतं, आणि अशा वेळी शरीर काय करतं, तुम्ही सांगली जिल्ह्यातल्या म्हणून तुमच्याच भाषेत सांगते, दुष्काळात धरणात पाणी कमी उरलं की पिण्याचं पाणी राखतात आणि शेतीचं आवर्तन बंद करतात ना, अगदी तसं मेंदू आणि हृदयाला रक्त राखून आतड्यांकडचा पुरवठा कमी करतं. वर बीपी टिकवायला नॉरअॅड्रेनॅलिनचं औषध पंपावर चालू असतं, ते रक्तवाहिन्या आवळतं, ते द्यावंच लागतं, पण जास्त डोसमध्ये आतड्यांचं रक्त अजून कमी होऊ शकतं. व्हेंटिलेटरची घशातली नळी सहन व्हावी म्हणून झोपेची आणि दुखण्याची औषधं चालू असतात, त्यातलं फेंटानिल किंवा मॉर्फिन आतड्यांची हालचाल मंद करतं. त्यात बाबांना शुगर. डायबेटिस जुना असेल तर जठर रिकामं व्हायला आधीपासूनच वेळ लागत असू शकतो आणि आजारपणात शुगर वाढली की अजून. पोटॅशियम कमी झालं तरी आतडी ढिली पडतात. आठवडाभर माणूस हललेला नाही. एवढं सगळं एकावर एक आल्यावर पोट सुस्तावणारच, आणि यातलं काही टाळण्यासारखं होतं असं मला तुमच्या पत्रावरून तरी दिसत नाही.

आणि हे फक्त बाबांचंच झालंय असं नाही, हे दादांना नक्की दाखवा. २०२० साली कोविडच्या पहिल्या लाटेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या सर्जन लोकांनी आयसीयूतल्या पेशंटच्या पोटाच्या तक्रारी मोजल्या. फुफ्फुसं गंभीर निकामी झालेले ९२ कोविडचे पेशंट आणि तितकेच आजारी पण कोविड नसलेले ९२ पेशंट अशी तुलना होती. कोविडवाल्यांपैकी ७४ टक्के लोकांना पोटाचं किंवा लिव्हरचं काहीतरी झालं, लिव्हरची एन्झाइम्स वाढणं, आतड्यांची हालचाल बंद पडणं, काही थोड्या जणांत आतड्याचा रक्तपुरवठा तुटणं. कोविडमध्ये जास्त का याची एक शक्यता अशी की त्या व्हायरसला पेशीत शिरायला जे दार लागतं ते आतड्यांच्या पेशींवरही भरपूर असतं आणि रक्तात गुठळ्याही जास्त होतात. पण मला तुम्हाला दुसरा आकडा दाखवायचाय. कोविड नसलेल्यांमध्ये सुद्धा ३७ टक्के लोकांना हे झालं होतं. जगातल्या नावाजलेल्या हॉस्पिटलमध्ये तिघांतल्या एकाहून जास्त पेशंटना. दादांचा राग मला समजतो हो, बापाला असं पडलेलं बघून माणूस कोणावर तरी चिडतोच, पण तो राग आयसीयूच्या दारात काढला की पुढच्या वेळी डॉक्टर तुमच्याशी मोकळं बोलायला कचरतात आणि तुम्हाला हवी असलेली माहिती तुम्हालाच मिळत नाही.

उपाशी मारण्याबद्दल. हे वाक्य घरात एकदा कोणी बोललं की डोक्यातून जात नाही, आपल्याकडे तर माणसाला जेवू घालणं म्हणजेच त्याची काळजी घेणं, म्हणून याचं उत्तर नीट देते. सुरुवातीच्या दिवसांत कमी फीड दिल्याने माणूस दगावतो असं नाहीये. अमेरिकेत २०१२ मध्ये फुफ्फुसं निकामी होऊन व्हेंटिलेटरवर गेलेल्या १००० पेशंटवर हेच बघितलं होतं, निम्म्यांना पहिले सहा दिवस अगदी थोडं, रोज साधारण ४०० कॅलरी, आणि निम्म्यांना साधारण १३०० कॅलरी. मृत्यूत फरक नाही, व्हेंटिलेटर सुटण्यात फरक नाही, उलट थोडं दिलेल्यांना उलट्या आणि पोटाचे त्रास कमी झाले. दुसरी एक चाचणी फ्रान्समधली, २०१८ ची, २४०० पेशंट, सगळे व्हेंटिलेटरवर आणि बीपीच्या औषधांवर. त्यात ज्यांना लवकर आणि भरपूर फीड पोटातून दिलं त्यांच्यात आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याच्या १९ केसेस झाल्या आणि शिरेतून पोषण दिलेल्यांत ५. म्हणजे बीपी औषधांच्या आधारावर उभं असताना, पोट फुगलेलं असताना, वरून फीड ढकलत राहणं हे बरं करणं नाही, कधीकधी ते घातक ठरतं. शिवाय जठर भरलेलं राहिलं तर ते उलटून श्वासनळीत जायची भीती, आणि बाबांच्या फुफ्फुसात आत्ता त्यासाठी जागा नाहीये. नळी बंद न ठेवता पिशवीला लावून हिरवं पाणी वाहू दिलंय ते याचसाठी, पोटाचा ताण कमी व्हावा म्हणून.

पण याचा अर्थ असाही नाही की फीड बंद केलं आणि विसरून गेलं तरी चालतं. चालत नाही. पोटातून थोडं जरी जात राहिलं तरी आतड्यांचं अस्तर टिकतं, म्हणून जमेल तिथे २४ ते ४८ तासांत फीड सुरू करायचंच असतं आणि थांबवलं तर परत कधी सुरू करायचं हे रोज बघायचं असतं. तेव्हा भांडायचं नाही पण विचारायचं जरूर. परत कधी ट्राय करणार, तासाला किती एमएलने, १०-२० एमएलपासून हळूहळू वाढवतात तसं करणार का? जठर रिकामं होत नसेल तर मेटोक्लोप्रमाइड किंवा एरिथ्रोमायसिन देऊन बघितलंय का, नळी जठराच्या पुढे आतड्यात सरकवून फीड देता येईल का? आणि अजून काही दिवस जमलंच नाही तर शिरेतून पोषण, ज्याला ते टीपीएन म्हणतात, त्याचा विचार कधी करणार? चांगला आयसीयू या प्रश्नांना चिडत नाही. आणि एक गोष्ट लोक विचारत नाहीत ती म्हणजे इन्सुलिन. फीड बंद झालं की इन्सुलिनचा डोसही त्याप्रमाणे बदलावा लागतो नाहीतर शुगर एकदम खाली जाते आणि झोपेच्या औषधाखाली असलेल्या माणसाला घाम आला, गरगरलं हे सांगताही येत नाही, म्हणून शुगर किती तासांनी बघतायत ते विचारा. तसंच फ्लूची जी ओसेल्टामिव्हिरची गोळी आहे तीही बाबांना त्याच नळीतून जाते, तेव्हा नळी वाहती ठेवलीय तर ते औषध कसं देताय हेही विचारा, औषध दिल्यावर नळी थोडा वेळ बंद ठेवतात, आणि ते पोटात टिकतच नसेल तर शिरेतून द्यायचं दुसरं औषध मिळू शकतं का ते बघता येतं.

पोट फुगलंय ते कधी गंभीर समजायचं. बहुतेक वेळा हे आतड्यांचं सुस्तावणंच असतं आणि पोटॅशियम भरून काढून, एनिमा किंवा सपोझिटरी देऊन, मॉर्फिन-फेंटानिल कमी करता आलं तर करून हळूहळू उतरतं. पण पोट दगडासारखं टणक व्हायला लागलं, बीपीच्या औषधाचा डोस काल कमी होता आणि आज वाढवावा लागतोय, लघवी कमी झाली, रक्तातलं लॅक्टेट (अवयवांना रक्त-ऑक्सिजन कमी पडला की वाढतं ते) वर चाललंय, असं सगळं एकत्र दिसलं तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटला नाही ना हे बघावंच लागतं, त्याला सीटी स्कॅन लागतो आणि सर्जनचं मत. हे क्वचित होतं पण झालं तर तास महत्त्वाचे असतात. म्हणून दादांना आयसीयूवाल्यांशी काही ठामपणे बोलायचंच असेल तर हे बोलू दे, "लॅक्टेट किती आहे, पोटातलं प्रेशर मोजलंय का, सर्जनने एकदा बघितलंय का". पोटातलं प्रेशर लघवीच्या नळीतूनच मोजता येतं, वेगळं काही टोचावं लागत नाही.

पाच दिवस काही नाही आणि मग एकदम पातळ, हेही आयसीयूत नेहमी दिसतं. कधी आत कडक मळ अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पातळ वाहतं, कधी अँटिबायोटिकमुळे, कधी नळीतून दिल्या जाणाऱ्या सिरपमधल्या सॉर्बिटॉलमुळे, आणि कधी क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जंतूमुळे, त्याची संडासची तपासणी असते. जुलाब चालूच राहिले तर ती तपासणी केलीय का विचारा. आणि पाठ-कुल्ले कोरडे ठेवतायत ना तेवढं बघा, ओल्यात पडून राहिलं की बेडसोर फार लवकर होतात.

एसजीपीटीचं थोडक्यात. ऑक्सिजन कमी पडला, बीपी पडलं, इतकी औषधं चालू आहेत, लिव्हरची एन्झाइम्स थोडी वाढतातच. दोनशे-तीनशे असेल तर मी त्याने झोप उडवून घेणार नाही. हजारांत गेलं तर बहुतेक लिव्हरला रक्त कमी पडून झटका बसलाय असं समजायचं, बीपी सावरलं की ते झपाट्याने उतरतं. त्यापेक्षा बिलीरुबिन (कावीळ दाखवणारं) आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) बघा, लिव्हर काम करतंय की नाही ते तिथे जास्त कळतं. कोणीतरी लिव्हरसाठी काढा किंवा पावडर सुचवेल, ते अजिबात नको, आत्ता लिव्हरवर एकही जास्तीचं औषध टाकू नका.

आता आईंचं कढण. ते परत येतं याचं आईंना किती लागत असेल ते कळतंय मला. पण ताई, ते नळीतून देऊ नका, आणि वॉर्डबॉयला शंभर-दोनशे रुपये देऊन गुपचूप तर अजिबातच नाही, असं करणारे लोक आहेत म्हणून स्पष्ट लिहिते. पोट पुढे रिकामं होत नसताना फॉर्म्युला फीड चालत नाही तर कढणही चालणार नाही, गाळलेलं असलं तरी नळी बुजवतं, आणि नळीतून जाईल एवढं पातळ केलं की त्यात प्रोटीन फारसं उरत नाही. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, बाबांची किडनी या आजारात नाजूक झालेली असू शकते, पोटॅशियम वाढलं तर थेट हृदयावर येतं. पोटॅशियम द्यायचंच असेल तर डॉक्टर मोजून शिरेतून देतील. ताकाचं म्हणाल तर चांगल्या जंतूंचा आयसीयूत उपयोग होतो का हे २०२१ मध्ये व्हेंटिलेटरवरच्या २६५० पेशंटवर बघितलं, न्यूमोनिया कमी झाला नाही, उलट काही जणांच्या रक्तात तेच जंतू सापडले. निरोगी माणसाला ताक उत्तम आहे, बाबांना आज नाही. आईंना भेटायला आत सोडत असतील तर त्यांना बाबांचा हात धरू दे, कानाशी बोलू दे, नर्सला विचारून ओठ ओल्या कापसाने पुसू दे, पायाला खोबरेल लावू दे. तीर्थ द्यायचं असेल तर कपाळाला लावा, तोंडात थेंबही नको.

शेवट जवळ आलाय का. खोटा धीर देणार नाही. ज्यांचं पोट काम करत नाही त्यांचा आयसीयूतला मुक्काम लांबतो आणि धोकाही वाढतो हे खरं आहे. पण एकट्या पोटावरून कोणीही शेवट सांगू शकत नाही, नातेवाईक तर नाहीच नाही. बघायचं ते हे की ऑक्सिजन किती टक्के लागतोय, बीपीचं औषध वाढतंय की उतरतंय, किडनी चालू आहे का, आणि हे तीन दिवसांपूर्वी कसं होतं. नॉरअॅड्रेनॅलिन उतरायला लागलं की बहुतेक वेळा पोटही हळूहळू जागं होतं, नळीतलं हिरवं पाणी कमी होतं, आणि मग फीड परत सुरू होतं. डॉक्टरांना सरळ विचारा की "किती अवयवांना त्रास आहे आणि तब्येतीचा कल सुधारण्याकडे आहे की बिघडण्याकडे", उडवाउडवी केली तर परत विचारा, तो तुमचा हक्क आहे.

दुसरीकडे हलवायचं म्हणाल तर फक्त पोट फुगलं आणि फीड बंद आहे म्हणून हलवू नका. व्हेंटिलेटर आणि बीपीचे पंप चालू असलेला पेशंट अँब्युलन्समधून नेताना वाटेत काय होईल सांगता येत नाही. हां, तिथे सीटी नाही, एंडोस्कोपी करणारा नाही, सर्जन वेळेत येत नाही, किंवा डायलिसिस लागणार आहे आणि सोय नाही, तर गोष्ट वेगळी, मग आधी पुढच्या आयसीयूत बेड पक्का करून, तिथल्या डॉक्टरांचं इथल्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून, व्हेंटिलेटरवाल्या कार्डियाक अँब्युलन्समधून सोबत डॉक्टर घेऊनच न्या. नुसती शंका असेल तर सगळे रिपोर्ट आणि चार्टचे फोटो घेऊन दादांनी दुसऱ्या क्रिटिकल केअरच्या डॉक्टरांचं मत घेऊन यावं, त्याला पेशंट हलवावा लागत नाही.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते कारण तेव्हा आनंदात कोणाच्या लक्षात राहत नाही. बाबांची घशातली नळी निघाली की ते पहिलं पाणी मागतील, आणि आई चमचा घेऊन तयार असतील. थांबवा. इतके दिवस नळी असली की गिळण्याचे स्नायू कमजोर होतात आणि पाणी कधीकधी ठसका न लागताही श्वासनळीत जातं. आधी गिळण्याची तपासणी होऊ द्या, बसवून, थोडं थोडं, घट्टसर पदार्थ देऊन बघतात. आवाज घोगरा ओलसर येतोय किंवा खाताना खोकला येतोय तर लगेच थांबून नर्सला सांगा. ते ठीक आहे म्हणाले की मग कढण, आणि तेही पहिल्या दिवशी वाटीभर नाही, चार-पाच चमचे.